आळशी बोटाचं लाल नख

शांतीला त्या घरात येऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हाचं हे भांडण. ती न्हाणीमागं बसून भांडी घासत होती आणि कुडाच्या पलीकडं सासू-सासऱ्यांची जुंपली होती. नव्या सुनेनं भांडण ऐकायचं नसतं, भांडी वाजवायची असतात. पण शांतीनं हातातला तांब्या अलगद खाली ठेवला आणि कान कुडाला लावला. भांडण तिच्याच पेटीवरून चाललं होतं ना!

"लाल रंगाची बाटली घावली मला तिच्या पेटीत," सासू म्हणत होती. बाळी तिचं नाव. "नखाला लावायची. शेणात हात घालायचे, भात कांडायचं, आन् नखं रंगवून बसायचं? आळशी बायांची लक्षनं ही. असल्या हातानं माज्या राशीला शिवायचं न्हाई."

"अगे, पोर हाय ती," सासरा लखू म्हणाला. "लावंना का. तुला कोन लाव म्हनतंय?"

"मी कशाला लावू?"

"तेच म्हनतो मी. तुज्या नखांना असला रंग पुरायचा न्हाई. तिथं डांबरच वताय पायजे, रस्त्यावानी."

लखू आपल्याच बोलण्यावर पोट धरून हसला. इकडं शांतीलाही हसू फुटलं, ते तिनं पदरात कोंबलं. मग तिच्या ध्यानात आलं की पलीकडून उत्तर आलंच नाही. जिनं एकदा जंगलखात्याच्या गार्डाला भर बाजारात गप्प केलं होतं, ती बाळी गप्प. शांतीनं कुडाच्या फटीतून बघितलं. बाळी दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी होती. चोरीचा माल लपवावा तसे.

संध्याकाळी हुकूम सुटला. "हे बघ शांते, रास घरात यायच्या आदी नखाला रंग दिसला, तर बाटली काळी नदीत जाईल. बाटलीच्या मागनं तू."

शांतीनं मान हलवली. शाळा तिनं माहेरी नंदिगड्ड्यात पावसापुरती बघितलेली, म्हणजे पाऊस लागला की छपराखाली उभं राहायला. पण ऐकण्यात ती पक्की होती. सासू 'नको' म्हणाली नव्हती, 'आधी' म्हणाली होती. नकाराला एवढी फट असली की शहाण्या सुनेला पुरते.

आणि खरं सांगायचं तर त्या डोंगरात नखाचा रंग टिकायचे दिवस असतात तरी किती? पावसाळ्यात लावणीचा चिखल. उन्हाळ्यात काजूच्या बोंडाचा चीक, हात धुतला तरी काळाच. भात कापून, मळून, खळ्यावरची रास पूजा करून मापानं मोजून घरात आली, की मग मधे थोडी उसंत मिळते. तेव्हा पहाटे धुकं इतकं दाट असतं की गोठ्यातली म्हैस शेपटीवरून ओळखावी लागते. खोबरेल तेल बाटलीत थिजतं, आणि माणसाचे हातपाय उकलतात, वाळल्या तळ्यागत. शांतीनं ओळखलं की रंग लावायचा तर याच दिवसांत, आणि नुसता रंग लावून भागायचं नाही. आधी हात माणसात आणायला हवेत.

तिनं आपली रीत बसवली. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून हात बुडवून ठेवायचे. घोसाळं वाळवून केलेल्या जाळीनं घासायचे. नखं भिजून मऊ झाली की ब्लेडनं कापायची आणि काडेपेटीची काडी ओढायची बाजू असते ना, तिनं घासून गोल करायची. मग भिरंडेल. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या बिया कुटून, उकळून काढलेलं ते तेल थंडीत साबणाच्या वडीसारखं घट्ट होतं. ते निखाऱ्यापाशी धरून पातळ करायचं आणि भेगांत जिरवायचं. शेवटी नखावरचा तुपकटपणा लिंबाच्या सालीनं पुसला नाही तर रंग धरत नाही, दुसऱ्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून येतो. हे शांतीला कुणी शिकवलं नाही. रंग सुटून आला, तेव्हा कळलं.

बाटली पण थंडीत गोठून बसायची. ती हलवायची नाही, हलवली की रंगात फुगे धरतात. दोन तळव्यांत धरून रवी फिरवावी तशी फिरवायची. मग एक पातळ हात, तो वाळला की दुसरा पातळ हात. "जाड लावलं म्हंजे लई दिस टिकतंय असं न्हाई," शांती सांगायची. "भिंत सारवतो तवा काय एकदाच थापतो?"

सांगायची म्हणजे कुणाला? पहिल्या वर्षी शेजारच्या राखीला. दुसऱ्या वर्षी राखीच्या जावेलाही. नंतर नंतर रास घरात गेली की वाडीतल्या बाया आपापलं लिंबू घेऊन शांतीच्या मागीलदारी यायला लागल्या. रामनगरहून तारा बांगडीवाली बसनं यायची, तिच्या पिशवीत बांगड्यांच्या खाली बाटल्या असायच्या. शांती मात्र दर वर्षी एकच रंग घ्यायची, कुंकवाचा लाल. पेटीतल्या त्या पहिल्या बाटलीचा.

बाया उन्हात हात पसरून बसायच्या तेव्हा बाळी ओसरीच्या टोकाला त्यांच्याकडं पाठ करून बसायची. पाठ इकडं, कान इकडं. "झाली का गे तुमची रंगपंचमी?" असं मधूनच विचारायची. कुणी म्हणायचं, "बाळीआज्जी, तुमी बी या की," तर म्हणायची, "मला काम हाय." आणि हात पदराखाली.

दिवस मावळायला आला की एक हाक ठरलेली. "शांते, कोंबडी!"

त्या घरात कोंबड्या किती आल्या, किती गेल्या, पण प्रत्येक पिढीत एक उंडगी निघायचीच. बाकीच्या मुकाट डालग्याखाली जायच्या आणि ही राखीच्या फणसावर जाऊन बसायची. बाळीची हाक आली की शांतीनं हातातलं टाकून जायचं आणि कोंबडी उतरवून आणायची. लखू वारला, शांतीचे केस पिकले, घरात पूर्णिमा नावाची सून आली. फणस आणि कोंबडी तिथंच राहिली.

अशी ती 'नखंवाली शांताक्का'. वाडीतल्या यच्चयावत बायांचे हात तिनं हातात घेतले होते. एका बाईचे सोडून.

या हिवाळ्यात गावातल्या, बाजारकुणंगच्या रेशनच्या दुकानातून निरोप आला. कार्डावर नाव असलेल्या प्रत्येकानं एकदा येऊन मशीनवर बोट लावून जायचं. महिना संपेपर्यंत बोट उठलं नाही तर नाव गळणार. आजवर शांतीचा नवरा गणपती जाऊन अंगठा लावून यायचा, त्यामुळं म्हातारीला दुकान कुठल्या तोंडाचं तेही ठाऊक नव्हतं. आता आली पंचाईत. कार्डावर घरची मोठी बाई म्हणून पहिलं नाव बाळीचंच.

"तांदूळ नको मला सरकारचा," बाळी म्हणाली. "माजी रास हाय. पर नाव कसं काय काढत्यात? मी काय मेले?"

"मेला न्हाई म्हनूनच बोट मागत्यात आत्ती," शांती म्हणाली. "मेलेल्याला कोन मागतंय?"

जायच्या दिवशी सकाळी म्हातारीची बोटं बघून शांतीला वाटलं, एवढी कोरडी बोटं मशीन घेणार नाही. म्हणून तिनं भिरंडेलाचा गोळा बाळीपुढं ठेवला आणि म्हणाली, चांगलं चोळा. बाळीनं चोळलं. कंजूषपणा तिनं फक्त शब्दांत कधी केला नव्हता, त्या दिवशी तेलातही केला नाही.

दुकानात पुंडलिक बसायचा, मूळचा खानापुराकडचा. त्यानं म्हातारीचा अंगठा धरून मशीनच्या काचेवर दाबला. लाल दिवा. परत दाबला. लाल दिवा. त्यानं काच बघितली, आपला हात बघितला आणि कपाळाला लावणार होता तो मधेच थांबवला.

"आज्जे, मशीन हाय का तवा हाय ह्यो? तेल सोडून आनलंईस!"

काच धोतराच्या टोकानं पुसली, शर्टानं पुसली. तेल ते, पसरलं नुसतं. मागच्या दोघातिघांचेही अंगठे उठेनात, रांग कुरकुरायला लागली. तेल पुसून म्हातारीचं आणखी एक बोट लावलं तर तेही नाही.

"तीनदा चुकलं की मशीन त्या दिवशी त्या मानसाला घेत न्हाई," पुंडलिक म्हणाला. "आता परत या. पर शांताक्का, खरं सांगू काय, बोटावर रेघाच न्हाईत. मशीन वाचनार काय?"

मागं परशू उभा होता, ट्रॅक्टरवाला, जिभेला हाड नसलेला. "रेघा कुठल्या असतील?" तो म्हणाला. "बाळीआज्जीचा हात न्हवं त्यो, मुडली हाय मुडली! आत्ता खणून काढल्यागत!"

मुडली म्हणजे तिकडचा मोठा कंद, मातकट, खरबरीत, केसाळ. रांग हसली. वाईट मनानं कुणी हसलं नाही, मुडली सगळ्यांच्याच घरात होती. पण बाळीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

शांतीनं तिच्याकडं बघितलं. कुडाच्या फटीतून बघितलेली बाई ती हीच. मधे इतकी वर्षं गेली, पण पदर अजून तिथल्या तिथं होता.

घरी येऊन बाळी भिंतीकडं तोंड करून बसली. "जाऊ दे नाव," म्हणाली. "गळतंय ते पान. गळू दे."

समजूत घालून ऐकणारी बाई ती नव्हे, हे शांतीला माहीत होतं. ती ताक घुसळत घुसळत म्हणाली, "बरं झालं मग. तुमचं नाव गळलं की कार्डावर मोठी मी. मोठी मी म्हंजे राशीचं पैलं माप पन यंदा माज्या हातचं."

भिंतीकडचं तोंड फिरलं. "काय म्हनलीस?"

"न्हाई, रीतच हाय न्हवं. मोठ्या बाईनं पैलं माप घालायचं."

"मी जित्ती हाय अजून!"

"पर मशीन न्हाई म्हनतंय."

बाळीनं सुनेकडं असं बघितलं की दुसरी असती तर ताकासकट पळाली असती. मग पदराखालून एक हात बाहेर आला. थांबला. मागून दुसरा आला. "धर," म्हणाली. "काय करतीस ते कर. माजं माप मी कुनाला दिनार न्हाई."

एका घरात, एका चुलीपाशी जन्म काढला, पण तो हात शांतीच्या हातात पहिल्यांदाच आला. हलका होता. एवढा वजनदार बोलणाऱ्या बाईचा हात इतका हलका असेल असं तिला वाटलं नव्हतं.

मग रोज सकाळी कोवळ्या उन्हात मिठाचं पाणी, घोसाळ्याची जाळी, आणि झोपताना भिरंडेल लावून वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या. बाळीची तक्रार चालूच. "मला काय बारशाचं पोर केलंईस गे? दोन हात बांधून ठेवलेत, नाकावर माशी बसली तर?"

"मला हाक मारा."

"माशीसाटी हाक मारू?"

"कोंबडीसाटी मारताच की."

भेगा हळूहळू मिटायला लागल्या. नखांच्या कडांची काळी रेघ निघाली. एका सकाळी पूर्णिमानं मोबाइलची बॅटरी लावून धरली आणि शांती एक-एक बोट उलटं करून बघायला लागली. उजव्या अंगठ्यावर काही नव्हतं, कोयत्याच्या मुठीनं गुळगुळीत करून टाकलेला. त्याच्या शेजारचं बोट रोपं लावून लावून झिजलेलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर विळ्याची जुनी खूण आडवी. करंगळी म्हशीच्या दाव्यात अडकून वाकडी झालेली. प्रत्येक बोटाला म्हातारी सांगायची, हे अमक्या साली, हे तमक्या रेड्यानं. आणि मग डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आलं.

"आत्ती!" पूर्णिमा शांतीला म्हणाली. "हे बघा!"

त्या बोटावर रेघा होत्या. गोल गोल, एकात एक, झऱ्यात खडा टाकल्यावर उठतात तशा. एकही पुसलेली नाही.

"आत्ती, ह्या बोटानं काय करता तुमी?" शांतीनं सासूला विचारलं.

बाळीनं पुष्कळ वेळ आठवलं. "त्यानं? त्यानं काय बी न्हाई. बाकीची करत्यात, हे आपलं बरोबर असतंय."

"म्हंजे आळशी!"

बाळीनं ते बोट डोळ्यांजवळ नेलं. एखाद्या गड्याला गवतात झोपलेलं पकडावं तशी तिची नजर झाली. "माज्या हातात आन् आळशी? एवढी वरसं फुकट खाल्लं काय रे मेल्या? आन् मला कळू दिलं न्हाईस!"

पूर्णिमा हसून हसून पाटावरून खाली आली. शांतीला मात्र दुसरीच काळजी होती. पुंडलिक हात दिसला की अंगठा धरणारा माणूस. म्हातारीला डावं-उजवं वेळेवर सुचायचं नाही, गर्दीत सगळे ओरडणार, आणि तीन चुका झाल्या की दिवस संपला. भेगा मिटेपर्यंत महिन्याचा शेवटचाच दिवस उरला होता, म्हणजे तो दिवस संपला की नावच संपलं. बोटाला खूण हवी होती. पुसली जाणार नाही अशी.

"रंग लावू या," शांती म्हणाली.

बाळी म्हणाली, "मी? कपाळाला कुंकू न्हाई माज्या, आन् नखाला रंग?"

"मशीनला काय कळतंय आत्ती, सवाशीन कोन आन् कोन न्हाई ते? आन् रंग नवऱ्याच्या नावाचा कुठं असतोय? नख आपलं असतंय."

बाळीनं ते बोट परत डोळ्यांजवळ नेलं. पूर्णिमानं तेवढ्यात आपल्या बाटल्या आणून मांडल्या. ती गणेशगुडीला पाहुण्यांच्या मुक्कामाच्या जागी कामाला जायची, तिच्याकडं तऱ्हेतऱ्हेचे रंग. बाळीनं एक-एक बाटली उन्हात धरली. "ह्यो पिवळा, कावीळ झाल्यावानी. ह्यो निळा? विंचू चावल्यावर असा रंग येतोय नखाला. ह्यो चमचमतोय, ह्यो नाटकातल्या राजाला दे." मग बाटल्या बाजूला सारून, कुणाकडं न बघता तिनं विचारलं, "तुजी ती बाटली हाय काय गे? पेटीतली?"

शांतीच्या हातातलं लिंबू खाली पडलं. म्हणजे म्हातारीलाही ते सगळं आठवत होतं, अगदी रंगासकट.

"ती कवाच वाळली आत्ती. पर रंग त्योच हाय. दरवर्षी त्योच आनते मी."

"त्योच लाव मग."

शांती बाटली तळव्यांत फिरवायला लागली. मग तिला राहवलं नाही. "पर आत्ती, रास अजून खळ्यावर हाय. घरात आली न्हाई."

बाळीनं तिच्याकडं बघितलं. "रास माजी. नखं माजी. तू लाव."

त्या म्हातारीचा हात कापायचा. शांतीनं तो पाटावर पालथा ठेवला, आपली करंगळी त्याला टेकू दिली आणि त्याच्या कापण्याबरोबर आपलाही हात कापू दिला, म्हणजे दोन्ही कापणं एकमेकांत जिरतं. मधून एक ओढ, दोन बाजूंनी दोन. आळशी बोटाचं नख भिरंडासारखं लाल झालं. बाळी फुंकर घालायला गेली तर शांती ओरडली, "फुकू नका, थुंकी उडती! उन्हात धरा."

बाळीनं हात उन्हात धरला. लांब नेला, जवळ आणला. मग म्हणाली, "एकच? लोक म्हनतील विलेक्शन नसताना म्हातारी मत कुठं टाकून आली. बाकीच्यांना बी लाव कायतरी. ह्या कामचुकाराचा एवढा मान, आन् राबनारी नागडी?"

मग बाकीच्या नऊ बोटांना जांभळा रंग लागला, कोनफळाचा कंद कापल्यावर आत निघतो तसला. राबणारी जांभळी, आळशी लाल. दोन-दोन हात. दुपारपर्यंत म्हातारी हात पसरून उन्हात बसून राहिली. पाठ भिंतीकडं आणि तोंड रस्त्याकडं.

शेवटच्या दिवशी दुकानापुढं सगळा गाव. बाळीचे हात पदराखाली होते, सवयीनं. लिंबानं पुसून, फडक्यानं कोरडे करून शांतीनं आणले होते. आज तेलाचा थेंब नव्हता.

"आली काय तव्याची मालकीन," पुंडलिक म्हणाला आणि शांतीनं तोंड उघडायच्या आत त्यानं पदरात हात घालून म्हातारीचा उजवा अंगठा ओढून काचेवर दाबलासुद्धा. लाल दिवा.

"अरे पुंडलिकअण्णा, ते न्हवं—"

मागून लोक ओरडत होते, लवकर करा, दूध नासतंय, बस जातीया. पुंडलिकानं घाईघाईनं शेजारचं बोट दाबलं. लाल दिवा.

आता एकदाच. शांती मशीनकडं सरकली. पुंडलिकानं तिसऱ्यांदा हात घातला, आणि तेवढ्यात बाळीनं आपला हात हिसडून मागं घेतला.

"सोड!" ती म्हणाली. रांगेच्या शेपटापर्यंत ऐकू गेलं. गार्डाला गप्प करणारा तो आवाज, गावानं पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. "बोट माजं हाय. कुठलं द्यायचं ते मी सांगीन."

आणि तिनं पदर मागं सारला. दोन्ही हात बाहेर काढले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, दहाच्या दहा नखं, ऊन पडलेली. रांग माना उंचावून बघायला लागली.

"लाल," बाळी स्वतःशीच म्हणाली, ते बोट शोधलं आणि काचेवर ठेवलं. वर दुसऱ्या हातानं दाबून धरलं, गोठ्यात खुंटी ठोकतात तसं.

मशीन विचार करत राहिलं. पुंडलिक म्हणाला, रेंज न्हाई. कुणीतरी म्हणालं, आहे आहे. शांती देवाचं नाव घ्यायला गेली तर तिला फक्त पुंडलिकाचंच नाव आठवलं. मग मशीन टुणकन वाजलं, हिरवा दिवा लागला आणि त्याच्या तोंडातून कागदाची चिठ्ठी जिभेसारखी बाहेर आली.

"उठलं!" पुंडलिक उभाच राहिला. "आज्जीचं बोट उठलं!"

जे लोक बस जातीया म्हणत होते तेच टाळ्या वाजवायला लागले. बाळी वळली. रांगेत परशू कुठं आहे ते तिनं शोधलं आणि दहा बोटं त्याच्या नाकापुढं उघडून धरली.

"काय रे परशा? मुडलीला असली नखं असत्यात काय?"

परशूनं दोन्ही कान धरले. "चुकलो आज्जी. मुडली न्हवं, मालकीन!"

बाया भोवती जमल्या. कुणी लावलं, कसं लावलं, हा जांभळा कुठं मिळाला? बाळी सांगत होती, "माज्या सुनेनं. जाड लावायचं नसतंय, दोन पातळ हात लावायचे. भिंत सारवतो तवा काय एकदाच थापतो?" शांती बाजूला उभी राहून आपलंच वाक्य म्हातारीच्या तोंडून ऐकत होती. पाठ करून बसलेली बाई सगळं शिकलेली होती.

घरी परतायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. म्हातारी वाटेत ज्याला-त्याला बोट करून रस्ता दाखवत होती. कुणी विचारलेला नसताना. बाजारकुणंगच्या माणसांना बाजारकुणंगचा रस्ता.

दुपार कलल्यावर खळ्यावर रास पुजली. गणपतीनं माप आईपुढं केलं. बाळीनं ते भातात खुपसलं, काठोकाठ भरलं, लाल बोटानं वरून सपाट केलं आणि पहिलं माप पोत्यात ओतलं. दाण्यांचा तो आवाज झाला तेव्हा तिनं शांतीकडं बघितलं. रंगवलेल्या हातानं राशीला शिवू नये असं कुणी कधी म्हणालं होतं, हे त्या खळ्यावर दोघींनाच ठाऊक होतं.

रास घरात गेली. आता शांतीच्या नखांची पाळी. ती मागीलदारी पाटावर बसली तशी बाळी आली आणि तिच्या हातातली बाटली काढून घेतली.

"आन हात. तुज्यात आळशी कुठलं गे?"

शांतीनं आपली बोटं उलटसुलट करून बघितली. "माज्यात न्हाई हो कुठलं."

"मग कुठलंबी दे. मी ठरवीन."

म्हातारीनं कापऱ्या हातानं तिच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट धरलं आणि रंग लावला. नखाला थोडा, कातडीला बराच, पाटाला उरलेला. जाडच लावला. असला रंग वाळायला संध्याकाळ लागते, आणि शांती तो हात उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात धरून बसली. बाळी ओसरीवर जाऊन टेकली. डालग्याखाली कोंबड्या गेल्या. बाळीनं लाल बोटानं त्या मोजल्या.

"शांते, कोंबडी!"

शांती उठली. ओलं बोट बाकीच्यांपासून लांब धरून ती कुंपणाच्या फटीतून राखीच्या परड्यात गेली. कोंबडी फणसावर होतीच, नेहमीच्या फांदीवर, नेहमीसारखी तोंड फिरवून. शांतीनं पदर खोचला, एक पाय खोडाच्या बेचक्यात दिला आणि हात वर करून म्हणाली, "चल गे बाय, उतर आता."